लहानीच्या गाडीचा रकाना

अठ्ठावीस वर्षं मी मोहघर ग्रामपंचायतीचा शिपाई आहे, आणि या अठ्ठावीस वर्षांत आमच्या हद्दीत एकाही साहेबाच्या जीपला मी धक्का बसू दिलेला नाही. पूर्वी हे मी मिशीला पीळ देऊन सांगायचो. आता जरा हळू आवाजात सांगतो, कारण याच कर्तबगारीपायी मी एका बाईला पुन्हा वीटभट्टीच्या ट्रकात चढवायला निघालो होतो.

मोहघर शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे नऊ किलोमीटर. जायला-यायला रस्ता एकच. पावसाळा सरला की त्यावर असे खड्डे पडतात की आम्ही त्यांना नावं देऊन टाकली आहेत. एक पाटलाची विहीर, एक म्हशीची डुंबण, आणि बिब्याच्या चढाखालचा सगळ्यात थोरला तो जावईखड्डा. दिवाळीला येणारा एकही जावई त्यात आपटल्याशिवाय सासऱ्याच्या दारात पोचलेला नाही.

साहेब येणार असले की मात्र हाच रस्ता ओळखू येत नाही. आदल्या दिवशी मी कर्णा घेऊन वाड्या-पाड्यांत ओरडून येतो. मग घरटी एक माणूस घमेलं घेऊन बाहेर पडतो. खड्ड्यांत माती-मुरूम लोटायचा, पाणी शिंपडून खळं चोपतात तसा चोपायचा, बायांनी कडा झाडून घ्यायच्या. गुरं गोठ्यात, बैलगाड्या परसात, मोटारसायकली पडवीत. साहेबांना रस्ता गुळगुळीत आणि रिकामा मिळाला पाहिजे. यालाही कारण आहे. मी नवा नवा लागलो तेव्हा एका साहेबांची जीप पेंढ्याच्या बैलगाडीमागे पाऊण तास अडकली होती. साहेब तोंडाने काही बोलले नाहीत. पण आमच्या पाण्याच्या टाकीची फाईल त्यानंतर चार वर्षं कुणाला सापडली नाही. तेव्हा गावाने धडा घेतला आणि मी तो पाठ केला.

आता लहानीचं सांगतो. लहानी वाघ आमच्या कातकरीवाडीतली. वाडी ओढ्यापलीकडे, गावाच्या कडेला, आणि पायाखालची जमीन कुणाच्याच नावावर नाही. दिवाळी झाली की भट्टीचा ट्रक यायचा, वाडी रिकामी व्हायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. लहानी जन्मली भट्टीवर, तिचं आणि जाणूचं लग्न जमलं भट्टीवर, तिची रूपा चालायला शिकली तीही भट्टीवरच. गेल्या वर्षी वाडी भट्टीवरून परतली आणि बायांच्या बचत गटाला विजेवर चालणारी एक रिक्षा मिळाली. घरी नेऊन ठेवायला पुष्कळजणी तयार होत्या, चालवायला कुणी नाही. तेव्हा लहानी पुढे झाली. गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? महिन्याभरात तीच लहानी डोळखांबला खेपा मारू लागली. दवाखान्याची म्हातारी माणसं, दिवस भरलेल्या बाया, भाजीच्या पाट्या, सगळं तिच्या गाडीत. हसणारे आम्ही सगळे त्याच गाडीत बसून बाजाराला जाऊ लागलो.

तिची अडचण दोन प्रकारची होती. पहिली वीज. वाडीत विजेचा जोर एवढाच की बल्ब लावला तर पंखा रुसतो. तिथे गाडीची बॅटरी कुठून भरणार? म्हणून ती डोळखांबच्या पिठाच्या गिरणीत वायर लावायची. गिरणीवाला माणूस चांगला, पण दळण आलं की हिची वायर काढायचा आणि दळण संपलं की आठवण झाली तर परत लावायचा. दुसरी अडचण खड्डे. गाडी खड्ड्यात उतरणार, जोर करून वर येणार, पुढच्या खड्ड्यात उतरणार, आणि दर वेळी बॅटरीचा एक घास जाणार. सरळ रस्ता असता तर एका भरणीत चार खेपा झाल्या असत्या. आमच्या रस्त्यावर अडीच व्हायच्या. अर्धी खेप म्हणजे चढाखाली उतारूंना उतरवायचं आणि त्यांच्याकडूनच गाडी ढकलून घ्यायची.

"यंदा ट्रकात चढनार नाय," असं ती पावसाळ्यापासून सांगत होती. रूपा पाचवीत गेली होती. चार वर्षं दर दिवाळीनंतर तिच्या नावापुढे नुसत्या गैरहजेरीच्या फुल्या. लहानीला त्या संपवायच्या होत्या. पण अडीच खेपांवर घर चालत नाही हे तिलाही कळत होतं. खड्डे भरले आणि गावात गाडी भरायची सोय झाली तर ती राहणार, नाही तर ट्रक. इतकं सरळ होतं ते.

आमच्या सरपंच सुरेखाताईंनी दोन अर्ज केले. एक खड्ड्यांचा, एक पंचायतीच्या आवारात चार्जिंगचं यंत्र बसवण्याचा. दोन्ही अर्ज परत आले आणि दोन्हींवर एकच वाक्य: वाहतूक नसल्याने तूर्त आवश्यकता नाही. ताईंनी शहापूरच्या साहेबांना फोन लावला. साहेब समजावून म्हणाले, "ताई, दिवसाला शंभर गाड्या तरी जातात असं गणतीत दिसू दे. खड्डेही भरू, यंत्रही देऊ. मी स्वतः माणूस घेऊन येतो मोजायला."

मग पत्र आलं. ते मीच टपालातून काढलं, मीच वाचलं. रस्त्यावरच्या गाड्या मोजायला साहेब अमुक तारखेला येणार, असं त्यात चक्क लिहिलं होतं. मला ते कळलंही होतं. पण साहेब येणार म्हटलं की आमची बुद्धी आधी झाडू हातात घेते. मी कर्णा उचलला आणि निघालो.

त्या दिवशीचा रस्ता तुम्ही बघायला हवा होता. खड्डा नावाला नव्हता. जावईखड्डा तर असा चोपला होता की त्यावर भात झोडावा. हरेशचा दुधाचा टेम्पो वडाच्या मागे, ट्रॅक्टर गवताच्या गंजीमागे, मोटारसायकली माजघरापर्यंत आत. लहानी सकाळी गाडी घेऊन आली तेव्हा तिच्यात बाजाराला निघालेल्या तीन बाया बसल्या होत्या. मीच तिला हात दाखवून थांबवलं.

"आज नको गो. साहेब यायचेत. शाळेच्या मागं लाव गाडी."

"आन् या बाया?"

"पायवाटेनं जातील की."

लहानीने माझ्याकडे बघितलं, पण गाडी वळवली. बाया पाट्या डोक्यावर घेऊन शेतातून गेल्या, रस्त्यावर पाऊल उमटू नये म्हणून. साहेब संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून होते. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "असं स्वच्छ गाव मी बघितलं नाही, नवशा." मी दोन दिवस हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी अहवालाची प्रत आली. रस्ता सुस्थितीत. दिवसभरातील वाहने: अकरा. त्या अकरांत दोन वेळा साहेबांचीच जीप होती, येताना एकदा आणि जाताना एकदा.

सुरेखाताईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि अर्जांची फाईल बांधायला घेतली. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलली लहानी. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"मामा, माजी गाडी कुनी लपवली?"

"लपवली काय गो? बाजूला लावायला सांगितली. साहेब येनार होते म्हनून."

"साहेब काय बघाया येनार होता?"

मी अहवालाचा कागद उलटा करून ठेवला.

"गाड्या बघाया येनार होता. न् तुमी गाड्याच लपवल्या." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मागं मानसांची गनती झाली, तवा आमी भट्टीवर. रेशनवाला आला, तवा भट्टीवर. मतांच्या यादीवाला आला, तवाबी भट्टीवर. आमी कदी कुनाला सापडलोच नाय. यंदा पयल्यांदा मी गावात होते, मामा. तीन चाकं घेऊन रस्त्यावर होते. न् तुमी मला शाळेच्या मागं उभी केली."

मला लोकांनी आजवर पुष्कळ शिव्या दिल्या आहेत, शिपायाला त्या पगारातच धरलेल्या असतात. पण असं कुणी बोललं नव्हतं. मला खरोखर लाज वाटली. रात्रीचं जेवण मी पानातच टाकून उठलो, आणि बायको म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून शहापूरला गेलो. अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला होता: मी नवशा, शिपाई, मौजे मोहघर, मी साहेब येणार म्हणून सर्व वाहने लपवली व खड्ड्यांत माती भरली, तरी चूक माझी आहे, गावाची नाही, फेरगणती व्हावी. साहेबांनी तो एकदा वाचला, मग चष्मा लावून पुन्हा वाचला. मग इतके हसले की समोरच्या चहावर साय धरली.

"तीस वर्षांत खड्ड्यांच्या तक्रारी ढिगाने आल्या," ते डोळे पुसत म्हणाले. "रस्ता चांगला दिसला म्हणून तक्रार पहिलीच. करतो परत गणती. पण दिवस सांगणार नाही. सांगितला की तू झाडू काढशील."

गावात आलो आणि पुन्हा कर्णा घेऊन फिरलो. या वेळी ओरडत होतो, "कुनी काय लपवू नका! खड्ड्यात माती टाकू नका! जाल तसे जा, याल तसे या!" लोकांना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. लहानीची सासू हौशी दारात येऊन म्हणाली, "कोंबड्या तरी आत घालू का नको रे?" मी म्हटलं, कोंबड्यापन बाहेर.

मधे परतीचा पाऊस दोन दिवस कोसळून गेला आणि माझा सगळा मुरूम ओढ्याला गेला. जावईखड्डा पुन्हा आपल्या मूळ रूपात आला, उलट जरा जास्तच खोल. रोज सकाळी मला तो दिसायचा आणि हात शिवशिवायचे. मी ते पाठीमागे बांधून चालायचो.

बाराव्या दिवशी सकाळी सहाला बघतो तर बिब्याच्या चढाच्या माथ्यावर, जांभळीखाली टेबल मांडलेलं. साहेब नव्हते. एक तरुण बाई होती, पाण्याची बाटली, पट्टी आणि लांबलचक छापील कागद घेऊन. मी आदबीने विचारलं तर म्हणाली, "मी हर्षाली. मुरबाडकडच्या वैशाखऱ्याची. मोजणीचं काम माझ्याकडं आहे. काका, तुम्ही झाडूवाले का? साहेबांनी सांगितलंय, तुम्हाला टेबलाजवळ येऊ द्यायचं नाही." माझी कीर्ती मुरबाड तालुक्यापर्यंत गेली होती.

मी लांबूनच तिचा कागद बघितला. मोटारसायकलीला रकाना, जीपला रकाना, टेम्पो, ट्रॅक्टर, रिक्षा, सायकल, अगदी बैलगाडीलाही रकाना होता. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशी मांडणी. डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईला तेवढा रकाना नव्हता.

भातकापणी जोरात होती, त्यामुळे रस्ता सकाळपासूनच जागा झाला. स्टेशनला पळणाऱ्या मोटारसायकली गेल्या, शाळेची गाडी गेली, खळ्यावर भारे नेणारे ट्रॅक्टर गेले. गावाला पहिल्यांदा आपलाच रस्ता असा दिसला. आम्हाला कायम वाटायचं, इथून जातं कोण? आणि दुपारी बाराला हर्षालीच्या कागदावर एकसष्ट रेघा होत्या.

हरेशला मात्र धीर धरवेना. दुधाचा टेम्पो घेऊन तो उगाचच चढावरून खाली, खालून वर करू लागला. चौथ्या वेळी हर्षालीने पेन खाली ठेवलं. "दादा, रिकामा टेम्पो कितीदा फिरवणार? सगळं दिसतंय मला." तेवढ्यात खालून लहानीची गाडी आली. तिने टेम्पोपुढेच गाडी आडवी घातली.

"हरेश, घरी जा रे. तुजी एक खोटी रेघ सापडली तर आमच्या खऱ्या साठपन पुसतील."

हरेश पुटपुटत गेला. हर्षालीने त्याच्या तीन जादा रेघा खोडल्या आणि लहानीची एक मांडली.

पण लहानीचाच दिवस वाईट होता. डोळखांबला सकाळपासून वीज गेलेली. गिरणी बंद, म्हणजे तिची भरणीही बंद. दुपारी एकला वीज आली तर गिरणीवर दळणाची ही रांग. गाडीच्या काचेवर आकडा दिसतो, किती टक्के उरलेत त्याचा. बावीसवर तो आला तेव्हा ती मला म्हणाली, "एक जायाची खेप होईल, मामा. येताना काय व्हईल ते देव जाने." तरी गेली. बाजाराच्या बाया तिकडे तिची वाट बघत होत्या.

साडेचार वाजता नव्व्याण्णव झाले. मी जांभळीपासून वीस पावलांवर, जेवढ्या अंतरावर मला परवानगी होती तेवढ्यावर, एका दगडावर बसलो होतो. तेव्हा वळणावरून घुंगरांचा आवाज आला. भाऱ्यांनी लादलेली बैलगाडी, अख्खा रस्ता अडवून, डुलत डुलत येत होती. हर्षालीने आडवी रेघ मारली. शंभर. ज्या बैलगाडीपायी आमची टाकीची फाईल हरवली होती, तिचीच ही नात म्हणायची. मी दगडावरून उठलो आणि बैलांच्या पाया पडलो. हर्षाली हसली, हसू दे.

त्यानंतर आकडा वाढतच गेला. साडेपाचला एकशे अठरा. हर्षाली म्हणाली, "झालं काका, तुमचं गाव पास. सहाला मी आवरते." सुरेखाताई आल्या, कुणीतरी पेढ्यांचा पुडा आणला. आणि मला आठवलं, लहानी अजून आली नाही.

चढावरून खाली बघितलं तर तिची गाडी जावईखड्ड्यात बसलेली. पुढचं चाक आत, दिवा बंद. मी धावत खाली गेलो. पाच बाया, त्यांच्या बाजाराच्या पिशव्या, आणि लहानी हँडल धरून उभी. काचेवर आकडाच नव्हता.

"लहाने, झालं गो! शंभर कदीच पार झालं. एकशे अठरा! आता घाई नाय. गाडी राहू दे, सकाळी काढू."

तिने माझ्याकडे बघितलं. "माजी ही खेप मांडली का?"

"आता काय गरज नाय गो तिची."

"मला हाय," लहानी म्हणाली. "सहा वाजायचेत अजून. ढकला."

ती असं म्हणाली आणि मला शाळेची मागची भिंत आठवली. मी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि जावईखड्ड्यात उतरलो. गुडघाभर चिखल. अठ्ठावीस वर्षं ज्या खड्ड्याला मी साहेबांपासून लपवलं, त्याचा तळ त्या दिवशी मला कळला. पाच बाया मागे लागल्या. गाडी हलली, पण चढ उभा होता, चार हात वर गेली की दोन हात खाली यायची. मग शेजारच्या शेतात कापणी करणाऱ्या बायांनी बघितलं. एकीने विळा बांधावर टाकला आणि आली. तिच्यामागून दुसरी आली, मग शेतच्या शेत आलं. वाडीतल्या बाया, गावातल्या बाया, ज्या एरवी एका ओळीत बसत नाहीत त्या एका गाडीला खांदे लावून उभ्या राहिल्या. हरेश टेम्पो सोडून धावत आला. हौशी म्हातारीला ढकलायला जागाच मिळेना, तिने माझ्या पाठीला हात लावून मला ढकललं. "जोर लावा गो!" असं कोण ओरडलं कोण जाणे, पण सगळ्यांनीच लावला. मी रडत होतो की घाम होता ते मला सांगता येणार नाही. रडतच होतो बहुतेक.

सहाला तीन मिनिटं असताना गाडी टेबलासमोर आली. लहानी पुढे, हँडल धरून, ताठ बसलेली. हर्षाली उभी राहिली. तिने गाडी बघितली, ढकलणारे बघितले, कागद बघितला.

"ताई, पण ही तर ढकलून आणली. चालत आलेली गाडी मांडायची असते."

"चाकं फिरली का नाय?" लहानीने विचारलं.

"फिरली."

"आत उतारू होते का नाय?"

"होते. आता मागे आहेत."

"रस्त्यावरनं आली का आभाळातनं?"

हर्षाली हसायला लागली. "रस्त्यावरनंच आली."

"मग मांडा. मी सकाळपासून खेपा केल्या, त्या मांडल्या तुमी. ही सगळ्यात जड खेप हाय. हीच ऱ्हायली तर काय मांडलं?"

हर्षाली खाली बसली. रिक्षाच्या रकान्यावर तिचं पेन गेलं आणि थांबलं. तिने कागदाच्या तळाला पट्टी धरली, स्वतःच्या हाताने एक नवा रकाना आखला, वर लिहिलं: विजेवरची तीनचाकी. लहानीच्या दिवसभरातल्या रेघा रिक्षांतून काढून तिने तिथे आणल्या आणि ही शेवटची त्यांच्या शेजारी उभी केली. शेवटी शेऱ्याची जागा असते. तिथे तिने बराच वेळ लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं: "सदर वाहन चार्जिंगची सोय नसल्याने व खड्ड्यामुळे बंद पडले. सुमारे चाळीस लोकांनी ढकलत आणले. वेळ पाच सत्तावन्न."

मग बाया ओरडल्या. त्या ओरडण्याने जांभळीवरची सगळी पाखरं उडाली. पेढ्यांचा पुडा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला कळलं नाही, मला शेवटी नुसता कागद मिळाला.

दिवाळीच्या आधी मंजुरीचं पत्र आलं. मी ते सायकलवरून वाडीत नेऊन पहिल्यांदा लहानीला दाखवलं, मग पंचायतीत. पुढे एकदा साहेब मला म्हणाले, "खड्डे तुम्हाला आकड्याने मिळाले, नवशा. यंत्राचं मात्र माझ्या मनात नव्हतं. गाड्या आहेत, पण विजेच्या कुठे आहेत, असं मी म्हणणार होतो. त्या मुलीने नवा रकाना आखून ठेवला आणि असा शेरा मारला, की माझं तोंडच बंद झालं." म्हणजे ज्या खेपेची गरज नाही असं मी म्हटलं होतं, तीच खेप यंत्र घेऊन आली.

भाऊबीज झाली आणि रस्त्याचं काम लागलं. खड्डा भरतात कसा हे मी त्या दिवशी शिकलो. आधी तो चौकोनी कापतात, तळापर्यंत झाडतात, डांबर शिंपडतात, मग खडी भरून वरून रोलर फिरवतात. झाडतात हे बघून मला बरं वाटलं. जावईखड्ड्यावर रोलर उभा असतानाच वळणावर भट्टीचा ट्रक आला. रस्ता अडलेला, ट्रक थांबला. मुकादम खाली उतरला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तेवढ्यात लहानीची गाडी रोलरच्या कडेने, जेमतेम जागेतून, अलगद पुढे आली. मागे चार उतारू, त्यात दप्तर घेतलेली रूपा.

"काय गो लहाने," मुकादम म्हणाला, "बोचकं बांधलं का? उद्या निघायचंय."

"मला टाइम नाय," लहानी म्हणाली. "शाळा भरते साडेदहाला."

आणि ती गेली. ट्रक अर्धा तास तिथेच उभा होता. मी मुकादमाला पाणी दिलं, पाहुणा शेवटी.

यंत्र पौषात बसलं, पंचायतीच्या पडवीत, हिरव्या रंगाचं, दार असलेल्या छोट्या कपाटाएवढं. साहेब सुरू करायला येणार होते. त्या दिवशी मी झाडूला हात लावला नाही, कर्णाही खुंटीला होता. साहेबांची जीप हरेशच्या टेम्पोमागे आणि टेम्पो एका बैलगाडीमागे, असं सगळं रांगेने गावात आलं. साहेब खिडकीतून डोकं काढून बोटाने पुढच्या गाड्या मोजत होते. जीपला धक्का मात्र एकही बसला नाही, आणि या वेळी त्यात माझी काही करामत नव्हती.

नारळ फुटला, भाषण झालं. लहानीने गाडी लावली, वायर खुपसली, यंत्रावर हिरवा दिवा लागला. टाळ्या वाजल्या. कोण आलं, कधी गाडी लावली याची वही ठेवायची जबाबदारी पंचायतीने मला दिली आहे. मी नवी कोरी वही उघडली, पट्टीने रकाने आखले आणि पेन घेऊन बसलो. लहानी टाळ्यांतून निघून माझ्या टेबलाशी आली. या वेळी दारात थांबली नाही, आत आली आणि वहीवर वाकली. तिला फारसं वाचता येत नाही, पण आकडे येतात.

मी तारीख घातली, वेळ घातली. अनुक्रमांक एक. त्याच्यापुढे लिहिलं, लहानी जाणू वाघ, मोहघर.

"मांडलं का, मामा?"

"मांडलं गो," मी म्हटलं.

तिने त्या एकावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ ते तिथून काढलं नाही.